फादर स्टीफन्स : सौंसर-पांढुर्ण्याकडून पाहताना

गोव्याच्या वाचकांनी पांढुर्ण्याचे नाव ऐकले असेल तर ते बहुधा गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव ह्या दोन काठांमध्ये दगडांची झुंज होते आणि तिची बातमी दरवर्षी छापून येते. एरवी आमचा मुलूख कोणाच्या ध्यानात राहावा असे त्यात काही नाही. संत्र्याच्या बागा आहेत, कपाशी आहे, सौंसरजवळ जामसावळीचा निजलेला मारुती आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि सौंसर व पांढुर्णा हे आमचे दोन मराठी तालुके छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरात ह्याच भागाचा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात आम्ही मराठी बोलतो, तीही वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. कचेरीत आणि शाळेत हिंदी चालते. आणि देवापुढे उभे राहिलो की हरिपाठाची मराठी ओठांवर येते, जी आमच्या बोलण्यातल्या मराठीहून बरीच निराळी असते.

हे आमचे रडगाणे म्हणून सांगत नाही. हिंदीशी आमचे वैर नाही; राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी दोन्ही भाषांत भजने केली आणि आमच्या गावोगावी ती दोन्ही भाषांत म्हटली जातात. हे एवढ्यासाठी सांगावयाचे की, फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आम्ही वाचावयास घेतले ते ह्या तीन पदरी भाषेत वाढलेल्या माणसांनी. महाराष्ट्रातील वाचकाला त्या ग्रंथात मराठीचा गौरव दिसतो. गोव्यातील वाचकाला त्यात आपली कोंकणी शोधावीशी वाटते. आम्हाला त्यात एक असा माणूस दिसला, ज्याने कोणती भाषा कोणत्या कामासाठी, ह्याचा विचार आयुष्यभर केला आणि त्यापायी एका अक्षराचाही बळी जाऊ दिला नाही.

पाठ्यपुस्तकांनी स्टीफन्सवर एक उपकार केला आहे आणि एक अन्यायही. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्याच्या चार-पाच ओव्या, ज्यात रत्ने, फुले, परिमळ आणि पाखरे ह्यांच्या उपमा एकापुढे एक येतात, त्या पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पाठ झाल्या. परंतु जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथापैकी तेवढ्याच पाठ झाल्या. परक्याने आपल्या भाषेला दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून आपण त्या मिरवतो आणि तेथेच पुस्तक मिटतो. हा परका येथे कसा आला, कोणापुढे बोलला आणि त्याला कोणी काय विचारले, हे बाजूलाच राहते.

इंग्लंडातील विल्टशर परगण्यात बुश्टन नावाच्या खेड्यात १५४९ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक असणे धोक्याचे होते. तो रोमला गेला, १५७५ साली तेथे येशूसंघात दाखल झाला आणि १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजाने निघून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोचला. पोचल्यावर पंधरवड्यानंतर त्याने वडिलांना प्रवासाचे जे पत्र लिहिले ते पुढे हॅक्लूटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले आणि इंग्रज वाचक ते हिंदुस्थानच्या वाटेची माहिती म्हणून वाचू लागले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्याची नोंद होते. व्यापाराच्या शोधात आलेले राल्फ फिच आणि त्याचे सोबती १५८३ साली गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी ह्यानेच खटपट केली. ह्यापलीकडे देशबांधवांशी त्याचा फारसा संबंध उरला नाही. पुढचा बहुतेक काळ तो सासष्टीत राहिला आणि १६१९ साली गोव्यातच वारला. तेथल्या लोकांत तो पाद्री एस्तेव्हांव होता.

१५८३ सालीच त्याने आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात एक निरीक्षण नोंदवले आहे. ह्या देशातील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन ह्यांच्या घडणीशी मिळतीजुळती आहे, असे त्याने म्हटले. सर विल्यम जोन्सने कलकत्त्यात हाच विचार मांडून १७८६ साली कीर्ती मिळविली, त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. आम्हाला ह्यात पांडित्यापेक्षा आदर अधिक दिसतो. नव्याने आलेला, राज्यकर्त्यांच्या बाजूचा माणूस समोरच्या लोकांच्या बोलण्यात घडण शोधतो आणि ती आपल्या सर्वांत मानाच्या भाषांच्या रांगेत बसवितो, हे त्या काळी आणि त्या ठिकाणी सहज घडण्यासारखे नव्हते.

कारण सासष्टीचे ते दिवस फार वाईट होते. १५६७ साली रायतूरच्या किल्लेदाराने सासष्टीतली देवळे पाडली आणि जाळली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा आपल्या भक्तांसह नदीपार अंत्रुज महालात गेली. देवळांबरोबर पोथ्या गेल्या, कीर्तने गेली. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारी जाऊन आलेले रुडॉल्फ आक्वाव्हिवा होते. नंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या नायकांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल केली. स्टीफन्स ह्या सगळ्याच्या मध्ये राहत होता आणि ज्या सत्तेने हे केले तिच्याच छत्राखाली धर्मोपदेश करीत होता. त्याच्या ग्रंथाचे कौतुक करताना हे पान झाकून ठेवावे, असे आम्हाला वाटत नाही. तो स्वतःही ते पूर्णपणे झाकीत नाही, असे आमचे मत आहे. त्याचा पुरावा पुराणाच्या पहिल्याच अवस्वरात आहे. (आपल्या सर्गाला तो अवस्वर म्हणतो.)

तेथे प्रसंग असा आहे. सासष्टीतल्या एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी दुपारनंतर मुलांचा धर्मपाठ चालला आहे आणि पाद्री गुरू शिकवीत आहेत. तेव्हा नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठून विनयाने विचारतो. त्याच्या विचारण्याचा आशय असा की, धर्माचे हे पाठ उत्तम आहेत. पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे शास्त्रपुराण आमच्या भाषेत का करून देत नाही, म्हणजे आमचे मनही रमेल आणि वेळही बरा जाईल. गुरूंना हे पटते आणि कथेला आरंभ होतो.

ह्या प्रश्नापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. प्रश्नोत्तरांची धर्मपुस्तिका माणसाला काय मानावे हे सांगते, पण संध्याकाळ कशी घालवावी हे सांगत नाही. ज्याच्या गावातून पोथी गेली त्याला संध्याकाळ मोठी होते. हा ब्राह्मण नव्या धर्माविरुद्ध तक्रार करीत नाही. तो ऐकण्याचे सुख मागतो आहे. आणि ज्याने ते सुख हिरावून घेणाऱ्यांच्या बरोबर प्रवास केला होता, त्या माणसाने त्या मागणीला योग्य मानले. एवढेच नव्हे, तर ती आपल्या ग्रंथाच्या दारात लिहून ठेवली. पुराणे बंद झाल्याचे दुःख पुराण लिहिणाऱ्यानेच नोंदवावे, हा प्रकार मराठीत आम्हाला दुसरीकडे आढळला नाही.

त्याने जे दिले ते दोन पुराणांत आहे. ‘पैले पुराण’ छत्तीस अवस्वरांचे असून त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातली कथा येते. ‘दुसरे पुराण’ एकोणसाठ अवस्वरांचे असून ते येशूचे चरित्र सांगते. छंद ओवीचा आहे. आमच्या आयाबायांनी जात्यावर गाइली, ज्ञानेश्वरांनी गीतेला दिली आणि तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’साठी निवडली तीच ही ओवी. पैठणच्या एकनाथांनी काशीस ‘भागवत’ पुरे केले ते १५७३ साली आणि ‘ज्ञानेश्वरी’ची शुद्ध प्रत सिद्ध केली ती १५८४ साली. म्हणजे गोदेकाठी ओवीची अशी निगा राखली जात होती, तेव्हाच हा इंग्रज झुआरीच्या काठी ती शिकत होता. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. मुक्ती, भक्त, गुरू हे शब्द तो बिनदिक्कत घेतो. मात्र बाप्तिज्म, क्रुस, स्पिरितु सांतु ही नावे तशीच ठेवतो, कारण त्यांना येथल्या एखाद्या संस्काराचे नाव दिले तर श्रोता भलतेच समजेल ही शंका त्याला असावी. क्रुसाखाली उभ्या असलेल्या मातेचा विलाप वाचताना मात्र शब्द कोठले आहेत ह्याचा विसर पडतो. तो विलाप आमच्याकडील कोणत्याही बाईला समजेल. त्यासाठी ख्रिस्ती असावयास नको.

आता भाषेच्या वाटणीकडे येतो. ह्या एका माणसाच्या नावावर तीन ग्रंथ आहेत. मुलांच्या आणि साध्या माणसांच्या धर्मपाठासाठी त्याने कोंकणीत ‘दौत्रिना’ लिहिली. ती त्याच्या मरणोत्तर १६२२ साली रायतूरला छापली गेली. बाहेरून आलेल्या पाद्रींना लोकांचे बोलणे शिकता यावे म्हणून त्याने कोंकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये रचले. ते दियोगु रिबैरु ह्यांनी वाढविले आणि १६४० साली ते छापले गेले. भारतातील एखाद्या भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून ते ओळखले जाते. आणि जमलेल्या मंडळींनी ऐकावयाचे पुराण मात्र मराठीत. ह्याचे कारणही त्याने गद्य प्रस्तावनेत देऊन ठेवले आहे. देवाधर्माच्या कवितेला त्या लोकांत मराठीच योग्य मानली जाई म्हणून मराठी घेतली. पण निव्वळ मराठी सामान्य माणसाला कळणार नाही म्हणून तीत तेथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले शब्द मिसळून कवित्व सोपे केले, असा त्याचा खुलासा आहे. तेथल्या ब्राह्मणांची बोली म्हणजे कोंकणी.

गोव्यात ह्यावरून केवढे वाद झाले ते आम्ही लांबून वाचत आलो. १९६७ चा जनमत कौल झाला, १९८७ चा राजभाषा कायदा झाला, १९९२ साली कोंकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. ह्या सर्व काळात स्टीफन्सला दोन्ही पक्षांनी साक्षीला बोलाविले. कोंकणी अभिमानी म्हणाले की आमचा पहिला व्याकरणकार. मराठी अभिमानी म्हणाले की आमचा पहिला ख्रिस्ती महाकवी. दोन्ही म्हणणी खरी आहेत आणि त्यांत भांडण्यासारखे काही आहे असे सौंसरच्या माणसाला तरी वाटत नाही. ‘काहून’ आणि ‘जाऊन राह्यला’ असे घरात बोलणारा आमचा शेतकरी माळ घालून बसला की ज्ञानोबांचे शब्द उच्चारतो, आणि उठून तहसिलीत गेला की हिंदीत अर्ज देतो. त्याला कोणी ह्यातली तुझी भाषा कोणती असे विचारले तर तो विचारणाऱ्याकडेच पाहत राहील. सासष्टीतला श्रोता असाच होता, आणि स्टीफन्सने त्याला जसा होता तसाच धरला.

ह्या वाटणीत जी भाषा कागदावर येत नाही तिचे काय होते, हा प्रश्न मात्र उरतो. आणि आम्हाला तो पुस्तकी वाटत नाही. आमच्याकडे बहुसंख्य मुले हिंदी अथवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. देवनागरी त्यांना येते, त्यामुळे मराठीचे पुस्तक हाती दिले तर ती ते वाचूही लागतात. पण ‘ळ’पाशी अडखळतात. हिंदीच्या वर्णमालेत तो नाही. पाट्यांवर जामसावळीची जामसांवली झालेली आहे. आमच्या शहराचे नावही कोठे पांढुर्णा असते, कोठे पांढुर्ना. आजी ‘केळ’ म्हणते आणि नातू ‘केल’ वाचतो. पाटी रंगविणाऱ्याने मुद्दाम काही केले असे नाही. त्याच्यापाशी ते अक्षरच नव्हते.

स्टीफन्सपाशीही ते अक्षर नव्हते. त्याने ५ डिसेंबर १६०८ रोजी रोमला आपल्या संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात ही अडचण मांडली आहे. ह्या देशाच्या भाषेत आणि ह्या देशाच्याच लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली पुष्कळ वर्षांची इच्छा आहे, मलबाराकडे तसे झाले आहे आणि त्याचा लाभ दिसतो, असे तो लिहितो. मलबाराच्या बाजूस तमिळ अक्षरांत १५७८ पासून छपाई झाली होती, तिला उद्देशून हे आहे. येथे ते जमत नाही, कारण युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात आणि येथे जोडाक्षरे व काना-मात्रा धरून सहाशे साचे ओतावे लागतील. खिळे ओतणाऱ्याचा हिशेब इतक्या कळवळ्याने मांडलेला आम्ही दुसऱ्या कोणा धर्मगुरूच्या पत्रात वाचला नाही. साचे मिळाले नाहीत. आठ वर्षांनी, १६१६ साली, पुराण रायतूरच्या छापखान्यात रोमी अक्षरांतच छापले गेले.

परंतु रोमी अक्षरांत छापावयाचे म्हणून मराठीचे उच्चार त्याने वाऱ्यावर सोडले नाहीत. ज्या अक्षरांसाठी जीभ टाळूला लावावी लागते ती रोमी लिपीत दाखवावयास अक्षर दुप्पट करण्याची रीत येशूसंघीयांनी गोव्यात पाडली. दोन ‘एन’ आले की ण. दोन ‘एल’ आले की ळ. ज्याच्या मातृभाषेत ण नाही आणि ळ तर नाहीच नाही, त्या माणसाने ‘पुराण’ शब्दातला ण दोन अक्षरे खर्चून वाचविला. रोमी कोंकणी लिहिणारे आजही ळसाठी दोन ‘एल’ जोडतात. आमच्या तालुक्यांत देवनागरी असून ळ जातो आणि तेथे देवनागरी नसताना तो राहिला, ह्याचे आम्हाला वाचताना फार वाटले.

पुराण पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. मग दिवस फिरले. १६८४ साली व्हाइसरॉय काउंट आल्व्हर ह्याने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. भाषा हुकमाने सुटत नाही, कोंकणीही सुटली नाही. पण पुस्तके सुटतात. त्या तीन मुद्रणांपैकी एकाचीही प्रत आज हाती नाही, असे अभ्यासक सांगतात.

ग्रंथ वाचला तो गोव्याबाहेर. पोर्तुगीज अमलातून निघून दक्षिणेस कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो हाताने उतरून ठेवला. त्यांची घरची भाषा कोंकणी, बाजाराची कानडी आणि तुळू. मराठीची गरज त्यांना पोटासाठी नव्हती, कचेरीसाठी नव्हती. ती त्यांना फक्त ह्या पुराणासाठी हवी होती. जोसेफ साल्ढाणा ह्यांनी ह्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला पुराण पुन्हा छापले, तेही रोमीतच. देवनागरीतली एक जुनी प्रत मार्सडेन नावाच्या इंग्रज संग्राहकामुळे लंडनला पोचली होती, तिच्याकडे १९२० नंतरच्या दशकात जस्टिन ॲबट ह्यांनी लक्ष वेधले. शांताराम बंडेलू ह्यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यात निघाली, म्हणजे नेमकी ज्या वर्षी आमची वाट वेगळी झाली त्या वर्षी. १९९६ साली फादर कारिदाद द्राग ह्यांनी आजच्या मराठीतील अर्थासह पुराण सिद्ध केले, आणि २००९ साली फादर नेल्सन फलकाव ह्यांची आवृत्ती आली. आम्ही वाचतो ते ह्या सर्वांच्या श्रमांवर.

पाद्रींनी मराठीत लिहिण्याची ही परंपरा खंडितही झालेली नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षे चालविले, त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांच्या निवडीवरून काही जणांनी त्यांचा धर्म काढला होता. त्या मंडळींना स्टीफन्सच्या त्या चार ओव्या नक्कीच पाठ असतील.

साल्ढाणांपुढे आलेल्या त्या वह्यांचा विचार आम्ही पुष्कळदा करतो. प्रत उतरणाऱ्यांना मराठी कोणी शाळेत शिकविली नव्हती. काही शब्द त्यांना पुरते कळले नसतील, काही चुकले असतील. एकमेकींशी ताडून पाहिल्यावर वह्यांत फरक सापडलेच. तरीही एकाने लिहिलेले दुसऱ्याने, त्याचे त्याच्या नातवाने, असे १६१६ पासून १९०७ पर्यंत उतरणे चालले, आणि जेथे जेथे ळ आला तेथे उतरणाऱ्याने दोन ‘एल’ काढले.